सर्वदूर हाक निधी

एका जंगलात, मुलांनो, सगळं छान चाललं होतं. म्हणजे जंगलाच्या मधोमध छान चाललं होतं. कडेला काय चाललंय हे मधोमध राहणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नाही त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

त्या जंगलात हाकेचा धंदा वानरांकडे होता. वानरं उंच झाडांच्या शेंड्यांवर बसत. वणवा लागला, नदीला लोंढा आला किंवा रानकुत्री शिरली, की पहिलं वानर ओरडे. ते ऐकून दुसरं ओरडे, दुसऱ्याचं ऐकून तिसरं. बघता बघता बातमी सगळीकडे पोहोचे आणि जो तो आपापला जीव सांभाळे. या सेवेबद्दल प्राणी वानरांना बोरं देत. सगळी वानरं काळतोंडेशेठ नावाच्या एका बड्या वानराची होती. त्यामुळे सगळी बोरंही त्याचीच होती.

जंगलाच्या टोकाला एक कडा होता आणि कड्याखाली तळकोंड नावाची दरी होती. तिथे हाक पोहोचत नव्हती. कड्यावर ऐनाचं एक उंच झाड होतं, पण त्यावर वानर नव्हतं. तळकोंडात बोरी उगवत नसत. बोरं नाहीत तिथे वानर कशाला जाईल?

तळकोंडात सोनकी नावाची भेकरीण राहायची. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तिची थोरली बहीण गवतात चरत होती. रानकुत्री आली आहेत हे तळकोंडाला रानकुत्री दिसल्यावर कळलं. तोवर बहिणीला पळायला वेळ उरला नव्हता. यंदा सोनकीला पाडस झालं होतं. त्याचे पाय अजून एकमेकांत अडकत. हिवाळ्याआधी त्या ऐनावर एक वानर बसावं, एवढंच सोनकीला हवं होतं.

आता तुम्ही विचाराल, अशा दऱ्यांसाठी जंगलात काही सोय नव्हती का? होती ना! उत्तम सोय होती.

दर हिवाळ्याला दूर उत्तरेकडून एक चक्रवाक येत असे. तो तिकडे शिकलेला होता. एके वर्षी राजाच्या तळ्यावर त्यानं भाषण केलं. "बंधूंनो! ज्याला हाक ऐकू येत नाही तो जंगलात असूनही जंगलाबाहेर आहे! प्रत्येक टोपलीतून थोडी बोरं बाजूला काढा. जिथे वानरांना परवडत नाही, तिथे या बोरांवर वानर बसवा!" राजा वाघ होता. त्यानं पंज्यानं डोळे पुसले. लगेच 'सर्वदूर हाक निधी' स्थापन झाला. मग ऊन तापलं आणि चक्रवाक उत्तरेला निघून गेला. निधी मागे राहिला.

निधीचा प्रमुख म्हणून गव्याची नेमणूक झाली. गवा एकदा खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून सावकाश चावतो. घाईनं काही गिळत नाही. असा माणूस निधीवर हवाच. माणूस म्हणजे गवा.

थंडी पडू लागली तशी सोनकीनं पाडसाला शेजारच्या साळूमामांकडे सोडलं. साळूमामा म्हणजे म्हातारं साळिंदर.

"जातेस खरी," साळूमामा म्हणाले, "पण तिथे काही मिळायचं नाही."

"निधी आपल्यासाठीच आहे, मामा."

"म्हणून तर म्हणतोय!"

सोनकी कडा चढून, अख्खं जंगल पार करून गव्याकडे पोहोचली. गवा जांभळीखाली बसून रवंथ करत होता. त्याच्या मागे वाळलेल्या बोरांचा ढीग होता. ढीग कसला, टेकडीच ती.

"साहेब, मी तळकोंडातून आले. आम्हाला हाक ऐकू येत नाही."

गव्यानं डोळे उघडले. तो मनानं वाईट नव्हता. "बसा, बाई. दमलात. थोडा पाला खा. तळकोंडातून म्हणता? पण तळकोंडाची तक्रार नाही. आम्ही पाहणी केली ना."

"कधी? आमच्याकडे कुणीच आलं नाही."

"यायचं कशाला? हाकेची पाहणी हाकेनंच करतात. आमचा पाहणीदार इथूनच ओरडला, 'ज्यांना हाक ऐकू येत नाही त्यांनी तसं कळवावं!' बराच वेळ वाट पाहिली. तळकोंडातून एक शब्द आला नाही."

"अहो, ऐकूच आलं नसेल तर कळवतील कसे?"

गव्यानं हे पुन्हा एकदा चावून पाहिलं. "मुद्दा आहे," तो म्हणाला. "पण तो त्याच वेळी मांडायला हवा होता."

सोनकीनं ढिगाकडे पाहिलं. "एवढी बोरं आहेत, साहेब. यातून कुठे वानर बसवलंत का?"

"बसवलं तर! राजेसाहेबांच्या गुहेच्या तोंडाशी चार बसवली. गुहा खोल आहे. आत शेवटपर्यंत नीट ऐकू येत नव्हतं. मग ती दुर्गम धरली."

"आणि हा बाकीचा ढीग?"

"हा?" गव्याचा आवाज हळवा झाला. "हा तुमचाच आहे, बाई. तळकोंडाचा. एक बोर हलू दिलं नाही मी."

"आमचा आहे तर आम्हाला एक वानर द्या."

"तुमचा आहे म्हणून तर जपतोय! उद्या खर्च झाला तर तुमच्यासाठी काय उरेल?"

सोनकी उठली. जाता जाता म्हणाली, "चक्रवाक यंदा आले की मी त्यांनाच विचारीन. त्यांनी हा निधी काढला तो कशासाठी?"

रवंथ थांबला. चक्रवाक यायला आलाच होता, हे गव्याच्या ध्यानात नव्हतं.

आणि मग, मुलांनो, कारभार असा पळाला की पाहत राहावं. चारच दिवसांत काळतोंडेशेठला बोरांच्या टोपल्या मिळाल्या. कड्यावरच्या ऐनाला फुलांच्या माळा लागल्या. राजा आला, गवा आला, मोर नाचले. एक तरुण वानर ऐनावर चढलं आणि जोरात ओरडलं. ते तळकोंडात स्वच्छ ऐकू आलं. पाडस दचकून सोनकीच्या पोटाखाली शिरलं. सोनकीला रडू फुटलं. साळूमामांनी तिची माफी मागितली.

राजानं भाषणात सांगितलं, "आज जंगलाचा शेवटचा कोपरा जोडला गेला." टाळ्या पडल्या. मग सगळे गेले. ते वानरही त्यांच्याबरोबर गेलं.

दुसऱ्या दिवशी सोनकी काळतोंडेशेठकडे धावली.

"शेठ, ऐनावर कुणी नाही!"

"ताई, पोरगं तिथे एकटं करील काय? ना बोलायला कुणी, ना खायला काही. शिवाय तळकोंड आता जोडलेलं आहे."

"जोडलेलं आहे म्हणजे काय? हाक कोण देणार?"

"जोडणं वेगळं, हाक वेगळी. निधी जोडण्यासाठी होता. गवेसाहेबांना विचारा."

गवेसाहेबांना तिनं विचारलं. "तुमची अडचण कळते, बाई," गवा म्हणाला. "पण निधी न जोडलेल्या भागांसाठी आहे. तुम्ही आता त्यात बसत नाही."

सोनकी परत आली. पाडस साळूमामांच्या काट्यांशी लांबूनच खेळत होतं. तिनं त्याला चाटलं आणि कड्याकडे पाहिलं.

"मामा, मला भुंकता येतं," ती म्हणाली.

"ते सगळ्या भेकरांना येतं."

"मग मीच वर जाऊन उभी राहते. उजाडताना मी राहीन. उन्हं चढली की तुम्ही या."

"मला भुंकता येत नाही."

"काटे वाजवता येतात ना?"

"येतात. पण ते ऐकायला सारी दरी माझ्याजवळ येऊन बसायला हवी."

"मग तुम्ही पाडसाला सांभाळा. मी दिवसभर राहते."

ऐनावर चढणं भेकराला जमत नाही. सोनकी ऐनाच्या बुंध्याशी उभी राहिली. वाऱ्याकडे नाक करायची, कान हलवायची. वर आल्यामुळे तिचं चरणं होईना. बरगड्या दिसू लागल्या. साळूमामा रोज म्हणत, "पुरे झालं, खुळे." ती रोज जाई.

एका सकाळी धुकं विरताना कड्याच्या पलीकडच्या उतारावर तांबड्या पाठी हलल्या. रानकुत्री होती. गवतातून गुपचूप, रांगेनं येत होती.

सोनकी भुंकली. छाती फुटेल असं भुंकली. पुन्हा भुंकली, पुन्हा, पुन्हा. तळकोंडातली सांबरं पाण्यात उतरली. ससे बिळात शिरले. साळूमामांनी पाडसाला कपारीत ढकललं आणि स्वतः काटे फुलवून दाराशी बसले. रानकुत्री खाली उतरली तेव्हा दरीत वाऱ्याखेरीज काही हलत नव्हतं. ती हुंगत फिरली, चिडली आणि निघून गेली. सोनकी आडवाटेनं उतरून कपारीशी आली. पाडस तिलाच ढुशी मारून दूध मागू लागलं.

दुसऱ्याच दिवशी तळकोंडात गवा आला! स्वतः आला. त्याच्या आधी कुणी अधिकारी तिथे उतरल्याचं साळूमामांच्याही आठवणीत नव्हतं. सगळी दरी गोळा झाली. आभार मानायला आला असेल असं त्यांना वाटलं.

"काल इथून कोण भुंकलं?" गव्यानं विचारलं.

"मी," सोनकी म्हणाली.

"बाई, हाकेचा परवाना काळतोंडेशेठचा आहे. विनापरवाना हाक दिलीत. प्रत्येक भुंकण्याला पाच बोरं दंड."

"माझं पाडस वाचलं, साहेब!"

"त्याचा आनंद आहे. त्याची नोंद वेगळी होईल. शेठनीही कळवलंय की ऐनावरची सेवा उत्तम चालू आहे. त्याबद्दल त्यांना पुढच्या हिवाळ्याच्या टोपल्या मंजूर झाल्या."

साळूमामांचे काटे आपोआप उभे राहिले. "आणि हा दंड जातो कुठे?"

"निधीत. दुर्गम भागांसाठी. बोरं कुठे आहेत?"

"आमच्याकडे बोरं नाहीत," सोनकी म्हणाली. "सारं जंगल जाणतं, तळकोंडात बोर उगवत नाही."

गवा अडचणीत आला. दंड माफ करता येत नव्हता आणि वसूलही होत नव्हता. शिवाय चक्रवाक तळ्यावर येऊन पोहोचला होता आणि तळकोंडावर किती खर्च झाला, असं विचारत होता. गव्यानं तिथेच बैठक मारली आणि रवंथ सुरू केला. ऊन कलायला लागलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"बाई, तुम्ही गरीब आहात. दुर्गम आहात. गरीब दुर्गमांना मदत देण्याची तरतूद निधीत आहे. तुमचा दंड निधी भरील."

"निधीतली बोरं काढून?"

"हो."

"आणि ठेवणार कुठे?"

"निधीत."

"म्हणजे," सोनकी हळूच म्हणाली, "मी जितकं भुंकेन तितका तळकोंडावर खर्च होईल?"

"जंगलात सगळ्यात जास्त होईल!" गव्याला भरून आलं. "आणि ढिगातलं एक बोर कमी होणार नाही! बाई, तुम्ही भुंका. अगदी मोकळेपणानं भुंका."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास सोनकी पुन्हा कडा चढली. पलीकडे काही हलत नव्हतं. तरीही ती दोनदा भुंकली, आणि तिकडे जांभळीखाली दहा बोरं ढिगातून निघाली व ढिगात पडली.

तात्पर्य: ज्याच्यापर्यंत मदत पोहोचत नाही, त्यानं अर्ज करत बसू नये. त्यानं एखादा चांगलासा गुन्हा करावा. दंड घ्यायला दरबार कितीही खोल दरीत उतरतो.