गिटार, मिस्सा आणि माझी डावी चप्पल

फादर रोझारियोंच्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नाही. वास्तविक पत्रोत्तरात माझा हात धरणारा माणूस आमच्या अख्ख्या एंटाली वस्तीत नाही! सरकारी ग्रंथालयात जन्मभर मी तेच केलं. पण या पत्रापुढे माझं पेन दमेकऱ्यासारखं दर शब्दाला थांबायचं.

आमच्या वर लोपीस कुटुंब राहतं, मूळ वसईचं. त्यांची लीना एकदा म्हणाली, "काका, रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत आम्ही मुलं गिटारवर गाणार! पण कमिटीची अट आहे. एकजण जरी वैतागून उठून गेला, तर गिटार कायमची बंद."

प्रार्थनेतलं लॅटिन गेलं, आता ऑर्गनही जाणार, म्हणून म्हातारी मंडळी धास्तावली होती.

"तुम्ही पुढच्या बाकावर बसा. तुम्हाला बघून बाकीचे बसतील."

"अगं, मी हिंदू माणूस. मला कोण विचारतो?"

"तुम्ही पेटी वाजवता, सगळ्यांना ठाऊक आहे. नुसतं बसायचं हो!"

नुसतं बसणं! या एकाच विद्येत मी स्वतःला पारंगत समजत आलोय.

रविवारी सवयीने चप्पल चर्चच्या दारात काढली. आत बघतो तर सगळे बुटांसकट! परत जाऊन घालावी, तर लोक बघणार. धोतरात पाय लपवून तसाच बसलो.

लीनाने डोळे मिटले, क्रूसाची खूण केली आणि मगच तारांना हात लावला. पेटी उघडण्याआधी मी तिला नमस्कार करतो, तसाच. चाल नवी होती, पण पोरं देव समोर असल्यासारखी गात होती. माझे डोळे भरून आले. ते पुसायला मान वळवली, तर बाजूच्या दाराबाहेर एक कुत्रा माझी डावी चप्पल घेऊन निघालेला!

मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदाच, विचार न करता!

"शाबास!" मागून मिस्टर डिकॉस्टा म्हणाले. "कोणीतरी सुरुवात केली!" आणि ते, त्यांची काठी आणि तीन म्हाताऱ्या माझ्यामागोमाग बाहेर! धापा टाकत मी नकारार्थी मान हलवली. ती त्यांना संतापाने थरथरल्यासारखी वाटली.

गिटार कुलपात गेली. मग फादरांचं पत्र आलं. 'आपल्यासारखा जाणकार उठून गेला, म्हणजे पावित्र्याला बाधा आली असावी. नेमकं काय खटकलं?'

चप्पल लिहावं, तर मी गावंढळ ठरणार. म्हणून सामवेदापासून सुरुवात केली. अकराव्या पानावरही गिटार यायचं नाव घेईना! इकडे गल्लीत बोलवा, "इतके दुखावलेत, की बोलतसुद्धा नाहीत!"

आज जिन्यात लीना भेटली.

"काका, इतकं वाईट वाजवलं का मी?"

"छे गं! तो कुत्रा…"

"कुत्र्यासारखं?" तिचे डोळे भरले आणि ती वर पळाली.

घरात शिरलो आणि उभ्याउभ्याच लिहिलं. 'कुत्र्याने चप्पल नेली म्हणून उठलो. खटकण्यासारखं काही नव्हतं. इतकी भक्ती मला माझ्या पेटीवरही जमलेली नाही. मुलांना गिटार परत द्यावी. मी पुन्हा येईन, बूट घालून.' जाताना लीनाला ते वाचायला दिलं आणि तसाच कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे निघालो.

लीना गॅलरीतून हसत ओरडली, "काका, चर्च समोरच आहे की! हातात द्या ना!"

हातात! पत्र मी पेटीत टाकलं. आता रस्त्यापलीकडे पोचायला ते डलहौसीच्या बड्या पोस्टाला वळसा घालून जाईल. तेवढे दिवस तरी मला घरात लपून बसता येईल.