डोमाजी दुर्गे यांचा व्यवसाय

माझे वडील डोमाजी दुर्गे गेल्या जानेवारीत उटनूरला वारले. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात 'काही नाही' असे लिहून आले. यामागे कोणाचा द्वेष नव्हता. फॉर्म शेजारच्या चंपतरावांनी भरून दिला होता आणि तीस वर्षे डोळ्यांनी जे पाहिले तेच त्यांनी लिहिले होते : आई शाळेत शिकवायला जाते, बाबा घरी असतात.

बाबा व्हायोलिन वाजवत. मुंबईत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा एक मोठा वाद्यवृंद होता. त्यात ते बत्तीस वर्षे दुसऱ्या व्हायोलिनांच्या, म्हणजे मुख्य सुराला साथ करणाऱ्या चौदा जणांच्या गटात, शेवटच्या बाकावर बसत. वर्षाला दोन हंगाम, उरलेले आठ महिने उटनूरला घरी सराव. शिवाय एकवीस वर्षे चार वाद्यांच्या एका छोट्या मेळात होते. तिथेही दुसरे व्हायोलिन. मला तो रकाना दुरुस्त करून हवा होता. बाकी काही नको होते.

दुरुस्तीसाठी कलाकार असल्याचे प्रमाणपत्र लागते. ते मृतासही मिळते, मात्र अर्ज वारसामार्फत करावा लागतो. कला नोंदणी कक्षातले कारकून देवानंद आमच्याच गावाकडचे निघाले. त्यांनी खुर्ची दिली आणि फॉर्म समजावला. कलाकार दोन प्रकारचे असतात : एकल आणि मंडळातले. मंडळात किमान सात, जास्तीत जास्त पंचवीस माणसे हवीत. बाबांच्या एका मेळात चार होती, दुसऱ्यात ऐंशी. देवानंदांनी सहानुभूतीने सरासरी काढून पाहिली. ती बेचाळीस आली, म्हणजे तीही बसेना. शेवटी बाबांना एकल धरण्यात आले.

एकल कलाकाराचे ध्वनिमुद्रण जोडावे लागते. माझ्याकडे वाद्यवृंदाचे होते, ते मी दिले. कक्षाचे साहेब, देवानंद आणि आणखी दोघांनी एक्केचाळीस मिनिटे ते शांतपणे ऐकले.

"ताई, याच्यात बाबा कोणते?" देवानंदांनी विचारले.

"ते वेगळे ऐकू येत नाहीत. चौदा जणांनी मिळून एकच आवाज काढायचा असतो."

"एखाद्या जागी तरी जरासे पुढं आले असतील ना?"

"आले असते तर त्यांना काढून टाकलं असतं."

देवानंदांनी नोंद केली : 'वारसाच्या जबाबानुसार मृताने बत्तीस वर्षे ऐकू न येण्याची दक्षता घेतली.' साहेबांनी ती वाचली आणि म्हणाले की अशी सेवा आमच्या खात्यातही पुष्कळांची झाली आहे, पण तिला कला म्हणण्याची पद्धत नाही.

मग पंचनामा ठरला. मृताला वाजवताना समक्ष ऐकलेले पाच पंच हवे होते. मी निश्चिंत झाले. बाबांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, अकरा जण उठून बोलले होते आणि अकराही जणांनी त्यांना थोर कलावंत म्हटले होते. त्यांतलेच पाच जण आमच्या ओसरीवर जमले. देवानंदांनी प्रत्येकाला विचारले की आपण काय ऐकले. चंपतरावांनी सांगितले की कार्यक्रमातले बोलणे वेगळे, इथे सही करावी लागते. गयाबाई शेवटी म्हणाल्या, "वाजवत होते, खोटं कायले बोलू. पण काय वाजवत होते ते कोणाले समजे?"

पंचनाम्यात आले : 'मृत थोर असल्याचे पंचांनी ऐकले आहे. मृतास ऐकल्याचे कोणी लिहून देत नाही.'

अर्ज फेटाळण्यापूर्वी मृताच्या नावाचे जुने दप्तर तपासावे असा नियम आहे. देवानंदांनी तो पाळला आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात त्यांना दोन हजार चार सालचा एक कागद सापडला. त्यांनी तो मला उभ्यानेच वाचून दाखवला. 'सदर इसम रोज सकाळी दोन व दुपारी तीन तास व्हायोलिन वाजवतात. एकच तुकडा चाळीस चाळीस वेळा वाजवतात. मध्येच थांबून हातात वाद्य धरून उभे राहतात व तोंडाने आकडे मोजतात. कोणतेही गाणे पूर्ण करत नाहीत. खिडकी लावून घेण्याची त्यांना समज द्यावी.'

दुसऱ्या व्हायोलिनच्या कामाचे इतके अचूक वर्णन मी कुठेच वाचलेले नाही. मुंबईच्या समीक्षकांनी बत्तीस वर्षे वाद्यवृंदाच्या संचालकाच्या केसांबद्दल लिहिले.

साहेब प्रसन्न झाले. वाद्याचे नाव होते, वेळ होती, ठिकाण होते आणि खाली पाच सह्या होत्या. "तारीफ तोंडी असते, ताई," देवानंद म्हणाले. "तक्रारीवर तारीख असते. हे पक्कं काम हाये."

सह्या करणाऱ्यांनी पुन्हा येऊन ओळख पटवायची होती. चंपतराव आले, गयाबाई आल्या. दोघांनीही आपण रोज पाच तास ऐकत होतो असे अभिमानाने लिहून दिले. तिसरे गृहस्थ वारले होते, पाचवे परगावी होते. चौथी सही वळणदार होती, नुकतीच बसवलेली, खाली दोन रेघा मारलेली. रंजीता डोमाजी दुर्गे. त्या वर्षी माझी दहावी होती.

"ही तुमचीच का?" देवानंदांनी विचारले.

मी हो म्हटले.

"मग आधीच काऊन नाई सांगितलं? एका दिवसात काम झालं असतं."

त्या उन्हाळ्यापासून बाबा खिडकी लावून वाजवू लागले होते. व्हायोलिनच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर आवाज दाबणारा रबराचा तुकडाही लावत. ही माहिती अर्जाशी संबंधित नसल्याने मी दिली नाही.

दुरुस्त दाखला परवा मिळाला. व्यवसाय : व्हायोलिनवादक (तक्रारीवरून).

आपल्या शेजारी कोणी रोज वाजवत असेल, तर जाऊन ऐकत बसा असे मी म्हणणार नाही. आपल्याला वेळ नसतो, मलाही नव्हता. फक्त तक्रार तोंडी करू नका. लेखी करा आणि तारीख घाला. त्याच्या मुलांना पुढे तेवढाच पुरावा मिळेल.