शाळेच्या कपाटातली तंबाखू

विजयकुमार सरांनी उभ्या आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं, आणि हे ते भेटेल त्याला सांगत. वारंगा फाट्यावरून आत वळलं की जे छोटं गाव लागतं, तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा बोर्ड लागावा, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती. डोंगरकड्याकडच्या एका शाळेला तो मागच्या वर्षी मिळाला, तेव्हापासून तिथले मुख्याध्यापक मीटिंगला गॉगल लावून येत होते. सरांना ते बघवत नव्हतं.

शनिवारी तालुक्याहून राजनंदिनी मॅडम तपासणीला येणार होत्या. सरांनी सोमवारीच बेत जाहीर केला. मुलांनी घरातली तंबाखू आणून शाळेत जमा करायची आणि शनिवारी मॅडमसमोर, पालकांच्या साक्षीनं, तिची होळी करायची.

“सर, शनिवारीच आणू द्या ना,” सहशिक्षिका करुणा मॅडम म्हणाल्या. “आठवडाभर ती ठेवायची कुठं?”

“याला पूर्वतयारी म्हणतात, मॅडम,” सर म्हणाले.

घरातून वस्तू पळवायची अधिकृत परवानगी पोरांना जन्मात पहिल्यांदाच मिळाली होती. मंगळवारी सरांच्या टेबलावर चंच्या, पुड्या आणि डब्यांचा ढीग लागला. पुनमनं आजीची मिसरी आणली. शाळा समितीचे अध्यक्ष भिवाजी यांच्या नातवानं तर आजोबा झोपेत असताना त्यांच्या कमरेची चंची सोडून आणली होती. सरांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मग सगळा ढीग कपाटात घातला, कुलूप लावलं आणि समोरच्या खेमाच्या दुकानात जाऊन तपासणी होईपर्यंत तंबाखूची विक्री बंद करायला लावली. खेमाचं लेकरू दुसरीत होतं. तो काय बोलणार?

फाट्यावरून आणावी, तर हळद काढणीचे दिवस, कुणाला सवड नव्हती. त्यातूनही कुणी आणली, तर त्याचीच पोरं दुसऱ्या दिवशी ती जमा करत. गावची तंबाखू आता एका कपाटात होती आणि किल्ली सरांच्या खिशात. सर त्या रात्री गाढ झोपले.

बुधवारी मधल्या सुट्टीत सोनाजी आजोबा आले आणि त्यांनी तळहात पुढं केला.

“सर, जरा द्या की.”

“काय?”

“तंबाखू. दुसरं काय असतंय तुमच्यापाशी?”

सरांनी भिंतीवरचा तक्ता दाखवून तोंडाच्या कॅन्सरची सगळी माहिती दिली. सोनाजींनी ती शेवटपर्यंत ऐकली. हात तसाच होता.

“बराबर हाय. आता द्या.”

“मिळणार नाही.”

सोनाजींनी हात मागं घेतला आणि ते निघून गेले.

संध्याकाळी भिवाजी सरांच्या घरी आले. “सर, या गावात बांधावरून डोकी फुटलीत. सख्खे भाऊ कोर्टात उभे हायत. पर पुढं केलेल्या हातावर चिमूट टाकायला आजवर कुणी न्हाई म्हणलं न्हाई. तुमी म्हणले. लोकायला लई लागलं ते.”

“मग आता?”

“शनिवारी एक बी पालक येत न्हाई.”

पालक नाहीत म्हणजे बोर्ड नाही. सरांनी बराच विचार केला.

“चिमूटच ना?”

“चिमूटच.”

गुरुवारी मधल्या सुट्टीत सरांनी कपाट उघडलं. सोनाजी आले, त्यांच्या मागून माणिकराव, आणि मग हळदीच्या शेतातले सगळेच. गर्दी झाली. वाकडी रांग सरांना सहन होत नसे, म्हणून त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. माणिकरावांनी खो-खोच्या मैदानावरच्या पांढऱ्या रेषांकडं पाहिलं.

“सर, ह्यो चुना चालल का?”

“त्याला हात लावायचा नाही,” सर म्हणाले. “आरोग्याला अपायकारक आहे.”

शुक्रवारी शेजारच्या गावचीही माणसं आली. रांग फाटकापर्यंत गेली. तिच्या टोकाशी एक जीप थांबली आणि राजनंदिनी मॅडम उतरल्या. शनिवारी त्यांच्या भाचीचं लग्न निघालं होतं, म्हणून त्या एक दिवस आधीच आल्या होत्या. त्यांनी रांग पाहिली, कपाट पाहिलं आणि सरांच्या हातातली उघडी चंची पाहिली.

“मी खात नाही,” सर म्हणाले. “सुपारीसुद्धा नाही.”

मॅडमनी पर्समधून पेन काढलं. त्यांनी मुलांना जवळ बोलावलं. “मुलांनो, शाळेच्या आसपास तंबाखू कुठं विकत मिळते का?”

“न्हाई, मॅडम,” सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

सरांच्या जिवात जीव आला. बोर्ड अजून हातचा गेला नव्हता.

“खेमाकाकाचं बंद हाय, मॅडम,” पुनम पुढं येऊन म्हणाली. “आता फक्त शाळेतच भेटती. फुकट. मधल्या सुट्टीत.”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये ठेवलं. सरांनी हातातली चंची पाठीमागं लपवली. त्यांची ती दशा सोनाजींना बघवली नाही. ते रांगेतून एक पाऊल पुढं आले.

“मॅडम, सरायला बोलू नका,” ते म्हणाले. “लई शिस्तीनं देतेत.”