जाहीरनाम्याची अंगाई

माणसाला झोपवण्याच्या कलेत माझा हात धरणारा कुणी नाही! हे मला स्वतःच्याच तोंडाने सांगावं लागतं, कारण ज्यांना ठाऊक आहे ते सगळे झोपलेले असतात.

माझं गाद्यांचं दुकान आहे. आमच्याकडे गिऱ्हाइकाने आधी दहा मिनिटं आडवं व्हायचं आणि मग बोलायचं, असा रिवाज आहे. मी पडदा ओढतो, उशी देतो आणि शेजारी स्टुलावर बसून खालच्या आवाजात गादीचे गुण सांगतो. एरवी एवढ्यावर निम्मे लोक घोरायला लागतात. पण निवडणूक लागली आणि सगळ्यांची झोप उडाली! इकडे किटली पक्ष, तिकडे शिडी पक्ष. लोक गादीवर पडायचे आणि छताकडे बोट रोखून भाषण सुरू करायचे. एका शिंप्याने तर विरोधी उमेदवार समजून माझी उशी बुकलून काढली.

त्या शिंप्यामुळेच मला शोध लागला. दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते दुकानात जाहीरनाम्यांचे गठ्ठे टाकून गेले होते. त्याला शांत करायला म्हणून मी त्याच्याच पक्षाचा जाहीरनामा वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर त्याची मूठ सुटली, तिसऱ्यावर जबडा, आणि चौथ्या पानावर स्वारी गाढ! आपल्या पक्षाचा जाहीरनामा ऐकला की माणसाला वाटतं, चला, आता सगळं कुणीतरी बघून घेणार आहे, आपण डोळे मिटायला हरकत नाही. मात्र दुसऱ्या पक्षाचा वाचला तर तोच माणूस ताडकन उठून बसतो. म्हणून मी डाव्या खणात किटली ठेवली आणि उजव्यात शिडी. दुपारभर दुकानात असा काही संथ श्वासांचा आवाज भरून राहायचा की रस्त्यावरचे कर्णेसुद्धा लांबून कुणी गुणगुणल्यासारखे वाटायचे.

हे सुख बायकोला बघवलं नाही, असं मी म्हणणार होतो. पण तिचं काम खरंच अडलं होतं.

माझे सासरे निवृत्त हेडमास्तर, कट्टर किटलीवाले. त्यांचे जिवलग मित्र निवृत्त पोस्टमास्तर, तितकेच कट्टर शिडीवाले. चाळीस वर्षं दोघं रोज संध्याकाळी पुलापर्यंत फिरायला जायचे. तीन आठवड्यांपूर्वी बागेतल्या बाकावर जुंपली. "तू देश बुडवणार!" "आणि तू बुडालेला देश विकणार!" बोलणं बंद! आता दोघं त्याच वेळी, त्याच पुलापर्यंत, पण रस्त्याच्या दोन कडांनी चालतात. एक थांबला की दुसरा बुटाची नाडी बांधतो. पोस्टमास्तरांच्या पायात तर चपला असतात.

तेव्हापासून सासऱ्यांना झोप नव्हती. डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या आणि शेवटी सांगितलं, "रक्तदाब असाच राहिला तर परवा दवाखान्यात दाखल करू."

"अहो," बायको म्हणाली, "साऱ्या जगाला झोपवता ना? मग माझ्या बाबांना झोपवून दाखवा. नाहीतर पुन्हा माझ्यापुढे बढाया मारू नका." शेवटी तिचा आवाज कापला. मी म्हटलं, "उद्या दुपारी दोनला पाठव."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता सासरे आले. डोळ्यांखाली काळं, चेहरा ओढलेला. मी त्यांना सगळ्यात आतल्या गादीवर निजवलं.

"जावईबापू, मला काही झोप येत नाही हं," ते म्हणाले. "तू आपला तुझ्या समाधानासाठी वाच."

मी डावा खण उघडला. पहिल्या पानावर त्यांनी चष्मा काढला, दुसऱ्यावर हात पोटावर ठेवले. आता आलीच झोप, असं म्हणतो तोच दार वाजलं. दारात पोस्टमास्तर!

"जावईबापू," ते कुजबुजले. मित्राचा जावई तो आपलाही जावई, हा हिशोब त्यांनी भांडणातही मोडला नव्हता. "तुझ्याकडे झोप लागते म्हणे. तीन आठवडे पापणीला पापणी नाही रे."

काय करणार? घालवून द्यावं तर त्यांचे पाय लटपटत होते. आत घ्यावं तर दोघं समोरासमोर येणार, आणि मग रक्तदाब थेट छताला! मी एक भलीमोठी डबल गादी उभी केली, तिची भिंत केली आणि पलीकडे पोस्टमास्तरांना निजवलं.

"शिडीचाच वाच," ते माझ्या कानात म्हणाले. "त्या किटलीतला एक शब्द कानावर आला तर उठून जाईन."

मी दोन्ही जाहीरनामे मांडीवर घेऊन पायथ्याशी बसलो. आणि मला युक्ती सुचली! पक्षाचं नाव गाळायचं. उरतं काय? 'आम्ही'. आम्ही नदी स्वच्छ करू. आम्ही काठावर झाडं लावू. एक परिच्छेद किटलीचा, एक शिडीचा. अलीकडून "हं" आलं, पलीकडूनही "हं" आलं. आम्ही प्रत्येक वस्तीत वाचनालय उघडू. हं. आम्ही दुपारची वीज जाऊ देणार नाही. हं, हं.

पण अंगाई म्हणणाऱ्याच्याही डोळ्यांवर झापड येते, हे मी विसरलो. नदीच्या परिच्छेदापर्यंत मी शुद्धीत होतो. मग नदीच आली. दुकानातून अलगद वाहायला लागली, आणि सगळ्या गाद्या तिच्यावर होड्या होऊन निघाल्या. एका गादीवर शिंपी होता, एकीवर डॉक्टर. दोन्ही पक्षांचे उमेदवार काठाकाठाने चालत प्रत्येकाच्या डोक्याखाली उशी सरकवत होते आणि मत मागायचं विसरून गेले होते. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाशी पडलेले कर्णे दिसत होते. मला वाटलं, हे असंच राहू दे, निकाल लागूच नये.

बोलण्याच्या आवाजाने मी जागा झालो. दोघं आपापल्या बाजूला डोळे मिटून, अर्धवट झोपेत, त्या उभ्या गादीशी बोलत होते.

"नदीत तळ दिसेल," अलीकडून सासरे म्हणाले.

"दिसेल ना. काठावर बाकंही असतील," पलीकडून पोस्टमास्तर म्हणाले.

"पाठ टेकता येईल अशी. बागेतली मेली टोचतात."

"फार टोचतात. तिथे माझा एक मित्र यायला पाहिजे. गाढव आहे, पण यायला पाहिजे."

"माझाही एक आहे. हट्टी. त्याच्याशी भांडल्यापासून झोप नाही हो मला."

"मलाही नाही."

हलायचं नाही, श्वास घ्यायचा नाही, असं मी ठरवलं. आणि नेमकी तेव्हाच ती डबल गादी कलायला लागली! मी उठून पाठ लावली. गादी आणखी कलली. माझे पाय घसरले, आणि मी गादीसकट धाडदिशी आडवा! गादी वर, मी खाली. मला काही दिसेना, पण ऐकू सगळं येत होतं.

"तू?"

"तू?"

मला वाटलं, आता दोघं गळ्यात पडणार.

"नदीबद्दल मघाशी तू बोलत होतास?" सासऱ्यांनी विचारलं.

"मीच. आमच्या जाहीरनाम्यातली नदी आहे ती."

"तुमच्या? नदी आमची आहे!"

"आमची! दाखव, कुठे आहे तुमच्या पुस्तकात?"

"दाखवतोच! बस इथे."

आणि दोघं बसले. गादीवर. म्हणजे माझ्यावर!

"अहो बाबा!" मी ओरडलो. पण माल माझा. चांगला भरगच्च, आवाज कसा बाहेर जाणार?

पाव तास पानं उलटली गेली. "नदी, पान सहा." "आमच्यातही पान सहा." "काठावर झाडं." "झाडं." "बघ, फोटोसुद्धा तोच!" मग दोन्ही जाहीरनामे मिटल्याचा आवाज आला. सासरे हळूच म्हणाले, "यासाठी आपण तीन आठवडे नाडी बांधत होतो?"

"मी तर चपलांना बांधत होतो," पोस्टमास्तर म्हणाले. आणि दोघं हसत सुटले! वर ते हसत होते, खाली माझ्या बरगड्या मोजून निघत होत्या. तरी खरं सांगतो, मला बरं वाटलं.

"पण थांब," पोस्टमास्तरांच्या लक्षात आलं. "म्हणजे त्याने मला किटलीतलं ऐकवलं?"

"आणि मला शिडीवरचं!" सासरे गरजले. "कुठे गेला तो?"

मी मुकाट पडून राहिलो.

"तुझा जावई भामटा आहे."

"माझा कसला? मुलीने निवडलाय. तेव्हाही मी विरोधातच होतो."

दोघं हातात हात घालून, मला शिव्या घालत, पुलाकडे निघून गेले. त्या रात्री सासरे नऊ तास झोपले. डॉक्टरांनी दाखल करायचं रद्द केलं. बायकोने मला पाठीला शेक दिला आणि तोंडभरून कौतुक केलं. मतदानाला दोघं मित्र बरोबरच गेले, एकमेकांचं मत रद्द करायला, आणि परत येताना दोघांनी दोन नवीन गाद्या घेतल्या.

समोरच्या दुकानातून!

"तिथला मालक काही वाचत नाही," सासरे म्हणाले.

मी तडक समोर गेलो, भांडायलाच. मालक म्हणाला, "आधी दोन मिनिटं आडवे तर व्हा." झालो. काय सांगू, बायको संध्याकाळी मला उठवायला तिथे आली!