बॉनेटवरचे महाराज

एका जंगलात एकच जीप होती. जंगलात जीप कशाला, असं विचारायचं नाही. होती. सरळ बसा आणि ऐका.

जीप दगडोबा अस्वलाची. चढणीला दणकट, पण बॉनेटची कडी तुटलेली. खड्डा आला की बॉनेट धाडधाड आपटायचं. म्हणून दगडोबाने ते टायरच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलं होतं. घाटात इंजिन तापलं की पट्टी सोडायची, आत पाणी ओतायचं, पट्टी बांधून पुढे निघायचं. कधी अडलं नाही.

मग सिंहमहाराजांच्या युवराजाचं लग्न ठरलं. नवरी घाटापलीकडची. नवरदेवाला नेण्याचा मान दगडोबाला मिळाला. त्याच्या सात पिढ्यांत असा मान कुणाला मिळाला नव्हता.

तेवढ्यात कोल्हा जीपभोवती एक चक्कर मारून आला.

"काय रे दगडोबा, नवरदेव न्यायचाय की जळण? बॉनेटला नाडी बांधलीस!"

सगळे हसले. महाराज मात्र हसले नाहीत. "लग्नाच्या दिवशी ही नाडी दिसली, तर मान गव्याच्या गाडीला."

दगडोबाच्या जिव्हारी लागलं. त्याने पट्टी उपटून फेकली. साळिंदराकडून बॉनेटवर जाड पत्रा ठोकून घेतला. चारी कोपऱ्यांना कड्या लावल्या. कड्यांना कुलपं, दाबली की बसणारी. वर महाराजांचं तोंड रंगवून घेतलं, मिशांसकट.

त्याची बायको ठकूबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"अहो, चाव्या कुठं आहेत?"

"सगळ्यात पक्क्या जागी. बॉनेटच्या आत."

"मग उघडायचं कसं?"

"उघडायचंच असतं तर कुलपं लावली असती का? जरा डोकं चालव!"

वरात निघाली. बॉनेट जरासुद्धा हललं नाही. दगडोबा ताठ बसला होता. कोल्हा सगळ्यांच्या मागून चालत होता.

अर्ध्या घाटात महाराजांच्या रंगवलेल्या नाकाखालून वाफ निघाली. मग धूर निघाला.

"अहो, पाणी!" ठकूबाई घागर घेऊन धावली. घागर भरलेली, ओतायला जागा नाही.

गवा पुढे आला. "बाजूला व्हा. एका धडकेत झाकण उडवतो."

"कुणाच्या तोंडावर धडक मारतोस?" महाराज गरजले. गवा चार पावलं मागे सरला.

दगडोबाला जीप वाचवायची होती, मानही वाचवायचा होता. त्याने पत्र्याला नखं लावली, महाराजांकडे पाहिलं आणि नखं काढून घेतली.

इंजिन जळून कोळसा झालं. शेपटी करपलेला युवराज गव्याच्या गाडीत चढला. दगडोबा मान खाली घालून शिक्षेची वाट बघत उभा राहिला.

महाराजांनी बॉनेटवरून पंजा फिरवला.

"आत एवढी आग, आणि माझ्या मिशीला धग नाही! शाबास! असा बंदोबस्त राज्यात दुसरा नाही. आजपासून जंगलातल्या आगी विझवायचं खातं तुझ्याकडे."

दगडोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच पाणी त्या दिवशी कामी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर रुजू झाला. आधी त्याने जंगलातल्या एकुलत्या एक विहिरीवर जाड झाकण बसवलं. झाकणाला चार कुलपं लावली. वर महाराजांचं तोंड रंगवून घेतलं.

चाव्या कुठं ठेवल्या, हे ठकूबाईने या वेळी विचारलं नाही.

तात्पर्य: आतलं जळालं तर जळू द्यावं, झाकण मात्र पक्कं असावं. बढती झाकण बघून मिळते.