इतवारी पडलेले सण

नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की आमचे पुराणिकजी सुतकात जातात. कोणकोणते सण रविवारी पडलेत ते बघतात आणि चहासोबत आलेली कचोरी परत पाठवतात. ‘नको. संक्रांत गेली.’

‘कुठे गेली?’

‘इतवारी गेली. रंगपंचमीसुद्धा. दिवाळीही वाचली नाही हो!’

माधव नगरातल्या आमच्या खासगी ऑफिसात आठवड्याला रविवार तेवढा मिळतो. त्या दिवशी आलेला सण बुडाला, बदल्यात काही नाही. पुराणिकजींचा हट्ट एकच, सोमवारी बदली सुट्टी मिळालीच पाहिजे. सण रविवारी पडला की साहेबांच्या टेबलापुढे उभे. ‘साहब, इतवार तो हमारा था ही. त्योहार कहाँ गया? हक की बात है.’

‘एक दिन में दोनों मना लो, पुराणिकजी,’ साहेब म्हणायचे, आणि सगळं ऑफिस खिदळायचं. मीसुद्धा. कारण या गृहस्थांच्या स्वतःच्या रजा पावसाळ्याआधीच संपतात. रजा घेऊन जातात कुठे, देव जाणे! परत येतात ते तोंड पाडून. ‘झाला का आराम?’ म्हणून आम्ही आपलं छळायचं.

परवा, दिवाळीच्या आदल्या दिवशी, त्यांनी साहेबांपुढे चक्क हात जोडले. सोमवार द्या, पगार कापा. साहेबांनी मोबाईलमधून डोकं वर न काढता ‘नहीं’ म्हटलं. पुराणिकजी येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत मटकन बसले.

माझं डोकंच फिरलं. ‘अहो, एवढं काय मेलं त्या सोमवारात? उद्या इतवार आहे, घरी मस्त ताणून द्या!’

‘इतवारी मुलाकात नसते, ताई.’

‘कुणाची?’

‘आमच्या बंटीची. जेलात आहे तो.’ ते खाली बघत बोलत होते. ‘बाकीच्या वारी भेटू देतात, सण असला तरी. देवास गेटच्या स्टँडवरून पहाटेची बस धरायची, यायला रात्र होते. त्याची आई वारली, भावाने संबंध तोडले. मी एकटाच जातो.’

मी माझा चहा त्यांच्यापुढे सरकवला.

‘त्याला वाटतं, बाबांना लाज वाटते, म्हणून महिनोन्‌महिने येत नाहीत. मागच्या वेळी जाळीतून तोंडावर म्हणाला.’ त्यांनी डोळे पुसले. ‘आता त्याला काय सांगू, ताई? दिवाळी इतवारी पडली म्हणून?’