देवरावभाऊजींचे हात

या, असे जवळ येऊन बसा. दारात उभं राहून काय बोलायचं? आणि आधी एक सांगा, सिलेवानीच्या घाटात गाडी थांबवून माकडांना बिस्किटं टाकलीत ना? नाही म्हणू नका, फोडलेला पुडा खिशातून डोकावून राहिला. एवढी शिकलेली माणसं तुम्ही, तिथली पाटी वाचता आली नाही? नशीब समजा की माझ्या घरी आलात. पलीकडच्या घरात गेला असता, तर देवरावभाऊजींनी पाणी विचारायच्या आधी तुम्हाला तासभर माकडावर ऐकवलं असतं.

देवरावभाऊजी माझे शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आहे, पण इतकी बुटकी की तिच्यावरून भाजीची वाटी येते-जाते. सत्तरी ओलांडलेला, उंच, हाडापेराने मजबूत माणूस. त्यांची आजची ओळख सांगायची तर एवढीच, की कुठेही वाढलेलं ताट दिसलं की हा माणूस दोन्ही हात पाठीमागे नेतो आणि उजवा हात डाव्याने घट्ट धरून ठेवतो. पोलिसाने चोर धरावा तसा. लग्न असो की तेरवी, हात मागे. नवीन माणसाला वाटतं, बिचाऱ्याची कंबर दुखत असेल.

कंबर धडधाकट आहे. आजार हाताचा होता, आणि तो फार जुना.

सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत ज्या घरी लग्न, त्या घरी भाऊजींना बोलावणं असायचं, पण जेवायला नाही, वाढायला. आग्रह करावा तर या माणसाने. डाव्या हातावर जिलबीची परात, उजव्या हातात दोन जिलब्या, आणि तोंडात एकच वाक्य: "हा माह्या नावाचा!" कोणी ताटावर हात आडवा धरला की हे हातावर जिलबी ठेवत. कोणी ओठ घट्ट मिटले की समोर बसून त्याला हसवत, आणि हसण्यात तोंड उघडलं की जिलबी आत. एक पाहुणे म्हणाले, "भाऊ, मले शुगर हाय." भाऊजी म्हणाले, "मंग हा शुगरच्या नावाचा!" एकजण घाबरून पंगतीतूनच पळाले, तर हे मोटरसायकलपर्यंत मागे गेले आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बुंदी ओतून आले.

लोक हसायचे. हसत नव्हती ती एकच, त्यांची नात. स्वरा, पाच वर्षांची. मुलगा श्रीकांत पुण्याला नोकरीत, सूनही नोकरीत. भाऊजींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून ही मंडळी सुट्टीत आली की भाऊजींना काय करू नि काय नको होऊन जायचं. म्हणजे काय, तर दूध-भाकरीची वाटी घेऊन पोरीच्या मागे धावायचं. अंगणात, गच्चीवर, माझ्या स्वयंपाकघरात. शेवटच्या वेळी पोरगी दिवाणाखाली शिरली आणि तिथूनच तिने कळवलं, "आजोबा गेले की मी बाहेर येईन."

सुनबाई गरीब स्वभावाची. हळूच म्हणाली, "बाबा, तिला भूक लागली की ती मागेल."

"मागन?" भाऊजी भडकले. "लेकरू मागन, मंग आपण देऊ? हे घर हाय का हाटेल?"

त्यानंतर त्यांचं येणं फोनवर आलं. भाऊजी व्हिडिओ फोन लावायचे, "जेवली का? काय खाल्लं? किती खाल्लं?" आणि स्वरा फोन उताणा करून ठेवून द्यायची. भाऊजींना समोर दिसायचा छताचा पंखा. पुण्याच्या त्या पंख्याची त्यांना इतकी ओळख झाली की एकदा मला म्हणाले, "वयनी, आज पंखा पुसलेला दिसून राहिला."

मग मागच्या हिवाळ्यात श्रीकांतचा फोन आला, अंदमानला चाललो, बाबा, तुम्हीपण चला. भाऊजी उड्या मारत माझ्याकडे आले. म्हटलं, तुम्हाला समुद्राचा एवढा शौक कधीपासून?

"समुद्र गेला चुलीत. वयनी, ते बेट हाय. चारी बाजूनं पानी. लेकरू पळून पळून जाईन कुठी?"

पिपाभर शंकरपाळे झाले. मीच तळून दिले, म्हणून गुन्ह्यात अर्धा वाटा माझा. नागपूरच्या विमानतळावर शिपायाने पिपा उघडायला लावला, तेव्हा भाऊजींनी त्यालाही "हा माह्या नावाचा" म्हणून बघितलं. त्याने घेतला नाही. पण पिपा सोडून दिला.

पुढचं मी भाऊजींचं आणि सुनेचं, दोघांचं ऐकून जोडलेलं सांगते. त्या रिसॉर्टात पाऊल ठेवल्याबरोबर पाटी. माशांना खायला घालू नका. त्यांना हात लावू नका. त्यांचा पाठलाग करू नका. प्रवाळावर उभे राहू नका, ते जिवंत आहे. भाऊजींनी पाटी वाचली आणि जेवायच्या दालनात गेले, तर तिथे माणसांसाठी इतके पदार्थ मांडलेले की टोक दिसेना. पोटावरची बटणं सोडून लोक तिसऱ्यांदा ताट भरून राहिले. आणि एका कोपऱ्यात तळलेला मासा. भाऊजींनी वाढप्याला विचारलं, "काहून भाऊ, मछली को खिलाना नहीं, पर मछली को खाना चलता है?" वाढप्या म्हणाला, "सर, नींबू दूं?"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उथळ पाण्यात मासे बघायला नेलं. तोंडावर काचेचा मुखवटा, तोंडात श्वास घ्यायची नळी. नळी घालायची म्हणून भाऊजींना तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकावा लागला, आणि समुद्रात थुंकायची परवानगी नाही, म्हणून तो कागदात बांधून परत आणावा लागला. एवढा अपमान त्यांचा सौंसरात कोणी केला नव्हता. पण अर्ध्या चड्डीच्या खिशात शंकरपाळे होते. आईचा हात धरून स्वरा पाण्यावर तरंगत होती, खाली बघून हरखली होती. भाऊजींना वाटलं, हीच वेळ. पोरीजवळ गेले आणि मूठ उघडली.

काळ्या पट्ट्यांचे पिवळे मासे धावून आले. पाच-सहा नाही, झुंडीच्या झुंडी. धक्काबुक्की, ओढाओढ, आपल्याकडच्या फुकट जेवणावळीत होते तशी. एकाने भाऊजींच्या बोटाला चावा घेतला, दोघं-तिघं स्वराच्या अंगाला घासून गेले. पोरीने अशी किंकाळी फोडली की नळी एकीकडे नि ती एकीकडे.

शिटी वाजली. मासे दाखवायला एक सडपातळ मुलगी होती, तिथलीच, वीस-बावीसची. तिने भाऊजींना दंडाला धरून किनाऱ्यावर आणलं.

"अंकल, जेब में क्या है?"

"कुछ नहीं बेटा, शंकरपाले. घर के घी के हैं. लो, एक मेरे नाम का."

"नहीं लूंगी. और पानी में भी नहीं जाएगा." एवढ्या आयुष्यात भाऊजींचा आग्रह एका वाक्यात परतवणारं हे पहिलं माणूस. "अंकल, वो जो तोते जैसे मुंहवाली मछली है ना, उसका काम है पत्थर पर जमी काई खाना. आप ये खिलाओगे तो वो अपना काम छोड़ देगी, और काई मूंगे को ढंक देगी. ये पट्टेवाली तो खाने की आदत पड़ी कि काटने लगती है. आज आपको काटा, कल बच्ची को काटेगी."

काई म्हणजे शेवाळ, आणि मूंगा म्हणजे पाटीवरचं ते प्रवाळ. भाऊजींनी एक प्रश्न विचारला. सुनेने मला सांगितला तेव्हा ती स्वतःच पदराशी खेळत होती.

"तो फिर मछली को कैसे समझेगा, कि हम प्यार से आए हैं?"

"हाथ बांधकर चुपचाप तैरिए. उसका मन होगा तो आएगी. नहीं होगा तो नहीं आएगी."

भाऊजी पुन्हा पाण्यात उतरले. हात छातीशी बांधून, ओंडक्यासारखे पडून राहिले. कितीतरी वेळ कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग एक हिरवा-निळा मासा आला, ताटाएवढा, आणि मुखवट्याच्या काचेला एक डोळा लावून त्याने भाऊजींकडे नीट बघितलं. भाऊजी हलले नाहीत. मासा वळला आणि आपल्या कामाला लागला. खडक खरवडल्याची कुरकुर पाण्यात ऐकू येत होती म्हणे.

"वयनी, तो आख्खा दगड चावून राहिला होता. आन मी त्याले शंकरपाळे दाखवून राहिलो होतो!"

स्वरा मात्र शेवटपर्यंत आईच्या पलीकडच्या बाजूनेच पोहली.

भाऊजी परत आले ते हात मागे बांधूनच. आमच्या नशिबी आता धर्मप्रचार आला. रामाकोन्याला कन्हान नदीच्या डोहाशी लोक कणकेच्या गोळ्या टाकतात, पिढ्यान्‌पिढ्या टाकतात. भाऊजी तिथे जाऊन उभे राहायचे. "कामधंदा सोडून मासा पंगतीत बसून राहते बावा! त्याले त्याचं काम करू द्या!" बायका म्हणायच्या, बुढ्याले समुद्र चढला. एका आजीने तर विचारलं, "काहून रे देवराव, आता पुण्य कुठी टाकू मंग?"  भाऊजी फक्त हात मागे बांधून म्हणाले, "पाहा. नुसतं पाहा." त्या आजीने नुसतं भाऊजींकडे पाहिलं.

खरा घोळ झाला मोहगावच्या लग्नात. मुलीच्या बापाने सवयीने जिलबीची परात यांच्या हवाली केली. यांनी परात पंगतीच्या टोकाला एका टेबलावर ठेवली आणि बाजूला उभे राहिले. "ज्याले पायजे तो मागन."

आता आपल्याकडे पंगतीत मागतं कोण? आधी नको म्हणायचं, मग हात आडवा धरायचा, मग रागवायचं, आणि मग चार जिलब्या खायच्या, ही रीत. नवरदेवाचे मामा ताटावर हात आडवा धरून बसले. "नको नको," म्हणाले. समोर कोणी नाही. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, "नाही म्हणजे नाही!" भाऊजींनी लांबूनच मान डोलावली, ठीक आहे म्हणून. मामांचा चेहरा लाल. एकदा नाही म्हटल्यावर मागायचं कसं? तसेच उठले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

मुलीचा बाप धावत आला. "देवराव, पाव्हणा रुसला ना बे! घाल त्याच्या तोंडात एक!"

"पाठलाग कराचा नसते," भाऊजी म्हणाले.

शेवटी मी परातीतल्या दोन जिलब्या उचलल्या, जीपशी गेले आणि म्हटलं, "मामाजी, हा देवरावच्या नावाचा." मामांनी "नको नको" म्हणत दोन्ही खाल्ल्या आणि तिसरीसाठी माझ्या हाताकडे बघितलं.

त्या संध्याकाळी भाऊजी माझ्या ओट्यावर येऊन बसले.  मग तळवे समोर धरून म्हणाले, "वयनी, मले एक सांगा. या हाताचं काय करू?"

 मी तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप त्यांच्यापुढे सरकवलं. सोलत बसले.

पण एक झालं. फोनवर त्यांनी "काय खाल्लं" विचारणं सोडलं. फोन लावायचा आणि पंख्याकडे बघत गप्प बसायचं. सून गोंधळून विचारायची, "बाबा, काही काम होतं?" "नाही बाई, सहज." असं बरेच दिवस चाललं. मग एके दिवशी पंखा दिसेनासा झाला. फोनच्या काचेला अगदी चिकटून एक डोळा आला. भाऊजी भिंतीपलीकडून मला सांगत होते. "मी हाललो नाही, वयनी. बिलकूल हाललो नाही."

नाताळच्या सुट्टीत सगळे आले. अंगणातलं संत्र्याचं झाड लगडलेलं. भाऊजी त्याच्याखाली खाट टाकून बसले, हात मागे. मी भिंतीवरून म्हटलं, एक संत्रं तरी सोलून ठेवा बाजूला, येईल पोर.

"ते चारा टाकणं झालं, वयनी. चालत नाही."

पोरगी आधी दाराआडून बघायची. मग पायरीवर आली. मग अंगणात, झाडाच्या पलीकडून. मी इकडे वड्या वाळू घालत होते, म्हणजे वाळू घालायच्या नावाने उभी होते. मला भाऊजींची पाठ दिसत होती. डाव्याने उजव्याचं मनगट असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मोहगावला एवढ्या पाहुण्यांसमोर आवळलं नव्हतं तसं.

स्वरा समोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, तुमच्या हाताला काय झालंय?"

"काही नाही बाई."

"मग मागे का?"

"असेच."

तिने वाकून पाठीमागे जाऊन खात्री केली, वाटी-बिटी लपवलेली नाही ना. नव्हती. मग तिने खालच्या फांदीचं संत्रं तोडलं, सालीशी झटापट केली, अर्धा रस फ्रॉकवर सांडला. एक फोड स्वतः खाल्ली. दुसरी भाऊजींच्या तोंडापुढे धरली. "आ करा."

भाऊजींनी आ केला.

"आणखी एक."

"पुरे झालं बाई," भाऊजी रीतीप्रमाणे म्हणाले.

पोरीने त्यांची हनुवटी धरली. तिथे रीत-भात कोण ऐकतो? "असं नाही चालणार. हा माझ्या नावाचा!"

भाऊजींनी पुन्हा आ केला. मी पाठीमागून बघत होते. डाव्या हाताने उजवा कधीच सोडून दिला होता. पण दोन्ही हात तिथेच राहिले, खाटेच्या काथ्यावर, उताणे. पुढे आले नाहीत.

मंडळी पुण्याला परत गेली. भाऊजी अजून त्या खाटेवर बसतात, तसेच. समोर ताट असो की नसो.

म्हणून म्हणते, लवकर या पुन्हा, संत्री संपायच्या आत या. बिस्किटांचा पुडा घरी ठेवून या. माझ्याकडे जेवा, आणि मग पलीकडे जाऊन थोडा वेळ भाऊजींपाशी बसा. ते तुम्हाला काही घ्या म्हणणार नाहीत. तुम्ही मागा. एक संत्रं मागा, पाणी मागा, काहीही मागा, पण मागा हं.